गणपती ते गणपती: कोकणातून जर्मनीला शिकायला जाताना

मी रत्नागिरी तालुक्यातल्या पूर्णगडची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली, वर्षभर एका कोळंबीच्या तळ्यावर काम केलं आणि आता जर्मनीच्या उत्तर टोकाला, कील शहरात, जैविक समुद्रशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पावस, गावखडी, जयगड, पार देवगडपासून मुलामुलींचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, मार्क किती लागतात?"

मार्क लागतातच. पण माझ्या ओळखीत जे अडकले त्यातला एकही मार्कांपायी अडकला नाही. कुणाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं होतं, कुणाचं कर्ज मंजूर व्हायला ऑगस्ट उजाडला, कुणाला व्हीसा मिळाला तेव्हा वर्ग सुरू होऊन महिना झाला होता. जर्मनीतलं मुख्य सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. तिथून उलटं मोजत आलं की तयारीची सुरुवात आदल्या वर्षीच्या गणपतीत येते. म्हणून हा लेख आपल्याच वर्षाच्या क्रमाने लिहिते आहे. कुठलं काम कुठल्या दिवसांत उरकायचं हे त्यामुळे लक्षात राहील.

आदल्या वर्षीचा गणपती: आधी नाव तपासा

विसर्जन झालं की एक दिवस काढा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीचे सगळे कागद, आधार, जन्मदाखला आणि पासपोर्ट असेल तर तो, सगळं चटईवर ओळीने मांडा. प्रत्येकावरचं इंग्रजी नाव अक्षर अक्षर लावून वाचा.

आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. काही कागदांवर आईचं नावही जोडलेलं असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि तुमचं व वडिलांचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात येतं. हा क्रमाचा फरक जर्मन कार्यालयांना समजतो, त्याची काळजी नको. अडतं ते स्पेलिंगपाशी. माझ्या गुणपत्रिकेवर बाबांच्या नावात दोन 'टी' आणि पासपोर्टवर एक. पासपोर्टचा अर्ज मी बाजारातल्या एका दुकानात भरून घेतला होता आणि छापील प्रत न वाचता सही केली होती. तो नव्याने काढून घेताना पुन्हा पोलीस पडताळणी आली, आणि दोन महिने गेले. तेवढ्यात एका विद्यापीठाची मुदत टळून गेली. त्या विद्यापीठाचं मला आजही वाईट वाटतं.

नियम सोपा आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे आहे तेच पासपोर्टवर हवं. अर्ज स्वतः भरा, घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. दहावीच्या कागदावरच चूक असेल तर बोर्डाकडून दुरुस्ती किंवा राजपत्रात नोंद, दोन्हींना वेळ लागतो. ते काम याच महिन्यात सुरू करा. लग्न होऊन नाव बदललेल्या मुलींनी तर आजच.

दिवाळी आणि त्यानंतर: एपीएस, ट्रान्सक्रिप्ट, अभ्यासक्रमांची यादी

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हीसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमची पदवी आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत का, याची ती तपासणी. दिल्लीतलं कार्यालय कागद तपासतं. मी अर्ज केला तेव्हा शुल्क १८,००० रुपये होतं. किती आठवडे लागतील हे गर्दीवर ठरतं, आणि जानेवारीनंतर देशभरातले अर्ज येऊन पडतात. दिवाळीची साफसफाई झाली की एपीएसला बसा.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांचे विषय, श्रेयांक आणि गुण दाखवणारं विद्यापीठाचं अधिकृत पत्रक. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात शिकलेल्यांचं काम कलिन्याला, आम्हा कृषी विद्यापीठवाल्यांचं दापोलीला. मी एसटीने दापोली गाठली आणि एकाच फेरीत तीन गोष्टी मागितल्या: ट्रान्सक्रिप्टच्या पाच सीलबंद प्रती, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र, आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान किती गुणांक लागतो हे लिहिलेलं पत्र.

हे तिसरं पत्र मागायचं कुणी सांगत नाही, म्हणून जरा खोलात सांगते. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या मापात आणायला एक सूत्र वापरतात. कमाल गुणांकातून तुमचा गुणांक वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांकातल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. समजा तुम्हाला १० पैकी ८ आहेत. किमान उत्तीर्ण गुणांक ४ धरला तर उत्तर येतं २.०. तोच ५ धरला तर येतं २.२. तुमचा अभ्यास तोच, तुमचे ८ तेच, पण काही अभ्यासक्रमांची अट २.० किंवा २.१ अशी असते आणि हा दशांश आत-बाहेर ठरवतो. विद्यापीठाने लेखी दिलेलं असलं की तिकडच्या माणसाला अंदाज करायची पाळी येत नाही.

अभ्यासक्रम शोधायला डीएएडी या जर्मन सरकारी पाठबळाच्या संस्थेची यादी पुरेशी आहे. इंग्रजीतून शिकवले जाणारे बहुतेक एम.एस्सी. तिथे विषयवार सापडतात. सल्लागाराला पैसे देण्याची गरज मला पडली नाही आणि तुम्हालाही पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी ज्या एकाकडे विचारायला गेले होते, त्याने फी घेणाऱ्या खाजगी संस्थांचीच नावं पुढे केली. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही; सत्राला साधारण शंभर ते चारशे युरो वर्गणी असते. अपवाद लक्षात ठेवा: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही शुल्क सुरू केलं आहे.

तीन वर्षांची पदवी असलेल्यांनी श्रेयांकांची अट आधी वाचावी. कुठे १८० युरोपीय श्रेयांक चालतात, कुठे २१० लागतात. सात-आठ नावांची यादी करा, त्यात दोन जागा अशा ठेवा जिथे प्रवेश मिळण्याची तुम्हाला खात्री वाटते.

मोहोराच्या दिवसांत: परीक्षा आणि अर्ज

डिसेंबर-जानेवारीत आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन टाका. मी मुंबईला आत्याकडे राहून दिली. गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे लवकर दिली म्हणून नुकसान नाही. बहुतेक ठिकाणी ६.५ मागतात.

जर्मन भाषाही याच सुमाराला सुरू करा. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी घरमालक, नगरपालिका, डॉक्टर आणि दुकानदार जर्मनच बोलतात. मॅक्सम्युलर भवन पुण्यात आणि मुंबईत आहे, पण त्यांचे वर्ग ऑनलाइनही चालतात. ए-१ ही सर्वांत पहिली पातळी झाली तरी पहिला महिना पुष्कळ सुकर जातो.

अर्ज काही विद्यापीठं स्वतः घेतात, काही युनि-असिस्ट या सामाईक संस्थेमार्फत. युनि-असिस्टचं शुल्क एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. हिवाळी सत्राची १५ जुलै ही तारीख सगळीकडे ऐकू येते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही अभ्यासक्रमांची मुदत मार्चमध्ये किंवा मेमध्येच संपते. वहीत प्रत्येक अभ्यासक्रमापुढे त्याची स्वतःची तारीख लिहा. शेवटच्या दिवसाची रात्री बाराची वेळ जर्मनीची असते, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन. पण जुलैतल्या पावसात पूर्णगडला वीज आणि नेटवर्क दोन्ही टिकेल अशा भरवशावर राहू नका. माझे सगळे अर्ज शिमग्याआधी गेले होते.

हेतुपत्र लिहिताना आपल्या किनाऱ्याबद्दल लिहायला संकोचू नका. मी मुचकुंदीच्या खाडीतल्या तिसऱ्यांबद्दल, म्हणजे शिंपल्यांबद्दल, लिहिलं: आजी ओहोटीला कुठल्या पट्ट्यात पाय खुपसून त्या काढायची आणि तिथे आता का मिळत नाहीत, हे मला समजून घ्यायचं आहे. मुलाखतीत प्राध्यापकांनी त्यावरच सर्वाधिक प्रश्न विचारले.

आंब्याचा हंगाम: पैशांचं गणित

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

व्हीसासाठी वर्षभराचा राहण्या-जेवण्याचा खर्च आधीच दाखवावा लागतो. ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात ११,९०४ युरो भरायचे आणि तिकडे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो काढायचे. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. त्याआधी ११,२०८ होता, त्यामुळे तुमच्या वर्षी पुन्हा बघून घ्या. एक युरो शंभर रुपये धरला तर हे ११ लाख ९० हजार होतात. पैसे तुमचेच, तुम्हालाच परत मिळतात, पण एकरकमी उभे करावे लागतात. आमच्या घरात एवढी रक्कम एका वेळी कुणी पाहिली नव्हती.

सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो, त्यावर तारण. परदेशी शिक्षणासाठी खर्चाचा १५ टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. आमचा एकूण अंदाज १६ लाखांचा होता, म्हणजे २ लाख ४० हजार आमचे. ते त्या वर्षीच्या आंब्याने दिले. वाशीला गेलेल्या पेट्यांचे पैसे एप्रिल-मेमध्ये हातात येतात, म्हणून बँकेची फाइल मार्चमध्येच पुढे सरकलेली असावी.

तारणाचं मात्र जमेना. बाबांना वाटत होतं, साठ कलमांची बाग आहे, काळजी कसली. बँकेतल्या साहेबांनी सातबारा बघितला आणि शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. एक, शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून चालत नाही. दोन, चालली असती तरी या उताऱ्यावर अकरा नावं आहेत आणि त्यातली तीन माणसं हयात नाहीत. कोकणातल्या बहुतेक घरांची हीच गोष्ट आहे. जमीन सामाईक, अर्धे हिस्सेदार मुंबईत, वारसनोंद आजोबांच्या काळापासून राहिलेली. बाबा त्या दिवशी घरी येऊन पडवीत बराच वेळ गप्प बसून होते.

बँकेला चालतं ते स्वच्छ नावावरचं घर, फ्लॅट, बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव. आमच्यासाठी डोंबिवलीच्या काकांनी त्यांचा फ्लॅट तारण ठेवला. काकू स्वतः सहीला आली. हे मागणं सोपं नसतं, म्हणून ते घाईत फोनवर मागू नका. दिवाळीत किंवा शिमग्याला सगळे गावात असतात तेव्हा, आकडे कागदावर मांडून, परतफेड कशी होणार ते सांगून मागा. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दर महिन्याचं व्याज घरून भरता आलं तर भरत राहा.

शाखेत ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय हे माहीत नसू शकतं. जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावरचं पान छापून न्या आणि मंजुरीपत्रात ही रक्कम वेगळी लिहून घ्या. पैसे बाहेर पाठवताना लागणाऱ्या टीसीएस या आगाऊ कराची सूट-मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपये झाली आहे, आणि वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तो लागत नाही. त्यामुळे कर्जाची रक्कम आधी स्वतःच्या बचत खात्यात घेऊन मग पाठवू नका, कर्जखात्यातूनच जाऊ द्या.

पाऊस: व्हीसा

प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी दोन गोष्टी करा: व्हीसाचा अर्ज, आणि विद्यार्थी वसतिगृहासाठी स्टुडेंटेनवेर्क या संस्थेकडे नाव नोंदणी. वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते. खाजगी खोलीसाठी करार हातात येण्याआधी अनामत मागणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. मला दोनदा असे संदेश आले, फोटो सुंदर आणि घरमालक कायम परदेशात.

महाराष्ट्रातल्यांचे अर्ज मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातात, कागद व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या खाजगी कंपनीच्या केंद्रात द्यायचे. शुल्क ७५ युरो, रुपयांत. निर्णयाला दोन-तीन महिने धरा. १ जुलै २०२५ पासून नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद झाली आहे. नव्याने अर्ज करा किंवा जर्मनीतल्या न्यायालयात जा, एवढंच उरतं. म्हणून फाइल पहिल्याच वेळी पूर्ण हवी.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याला सुरू होतं आणि गाड्या हळू धावतात. दरड आली तर दिवस जातो. व्हीसाच्या तारखेला पहाटे उतरायचा बेत करू नका, आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा. कागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. पासपोर्ट परत यायची वेळ गणपतीच्या गर्दीत येऊ शकते, म्हणून परतीचं आरक्षण आरक्षण उघडतं त्या दिवशीच करून ठेवा.

बॅग भरताना

युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. मासळीला मात्र सूट आहे: स्वतःच्या वापरापुरती २० किलोपर्यंत चालते. म्हणजे सोडे, सुकट, जवळा बिनधास्त न्या. सोडे आधी कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवा, तीन पिशव्यांत बांधा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर स्वेटरना वास महिनाभर जात नाही. आमसुलं, कुळथाचं पीठ, घरचा मसाला, सगळं चालतं. पाकिटांवर नाव इंग्रजीत लिहा.

ताजी फळं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सवलत पाचच फळांना आहे: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. नारळ न्या, आंबा नाही. २०१४ च्या मेमध्ये युरोपीय संघाने फळमाशीमुळे आपल्या आंब्यावर बंदी घातली होती आणि ती पुढच्या वर्षी उठली, हे बागायतदारांच्या घरात कुणाला सांगायला नको. एका पेटीतली माशी किती महाग पडते हे आपण पाहिलं आहे. ताजा कढीपत्ताही घरीच राहू द्या.

जाड जाकीट इथून घेऊ नका, तिकडे चांगलं आणि वापरलेलं स्वस्तात मिळतं. त्याऐवजी चष्म्याची दुसरी जोडी, दातांची कामं आणि मूळ कागदांच्या स्कॅन प्रती.

पोहोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

क्रम असा ठेवा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच मागा. मग बँक खातं, मग ब्लॉक्ड अकाउंट चालू करणं. आरोग्य विमा तिशीच्या आतल्यांना विद्यार्थी दराने मिळतो, महिन्याला साधारण दीडशे युरो, आणि त्याशिवाय विद्यापीठात नाव लागत नाही. व्हीसा काही महिन्यांचाच असतो, म्हणून निवास परवान्याच्या अपॉइंटमेंटची मागणी पहिल्याच आठवड्यात पाठवा. पत्ता नोंदवल्यावर काही दिवसांनी रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावे लागतात. एका घराला एकच वर्गणी, म्हणून सोबत राहणारं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवा.

काम करायला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे. पहिलं सत्र मात्र कामाशिवाय निभेल इतके पैसे हाताशी ठेवा. प्रयोगशाळा, नवी भाषा आणि डिसेंबरात दुपारी चारलाच पडणारा अंधार, एवढं एका वेळी पुरे होतं.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी भाजी आणा. प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकू नका, परत केल्या की बहुतेकींचे २५ सेंट मिळतात.

पहिल्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी समुद्रावर जात होते. काहीतरी चुकतंय असं वाटायचं आणि काय ते कळेना. चौथ्या दिवशी लक्षात आलं की पाणी हलतच नाही. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, आणि पाणीही आपल्यापेक्षा पुष्कळ कमी खारट. आजीला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "मग तिसऱ्या कशा काढतात गो तिथं?" तिने विचारलं. बंदरावर कीलचे धुरावलेले छोटे श्प्रोटन मिळतात, आपल्या तारलीच्याच कुळातले. तिला त्यांचा फोटो पाठवला.

सोडे शिजवायचे असतील तर सामाईक स्वयंपाकघरातल्या सोबत्यांना आदल्या दिवशी सांगा, खिडकी आधी पूर्ण उघडा आणि खोल्यांची दारं लावून घ्या, कारण छतावरचा धुराचा अलार्म फोडणीनेही वाजतो. मी कांदा मंद आचेवर परतते, सोडे आधी कोमट पाण्यात भिजवून मगच घालते, आणि दोन वाट्या जास्तीच्या करते. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी आता स्वतःहून भात लावून ठेवते.